महिदपूरची थकबाकी

१८१७ च्या डिसेंबरात होळकरांचा दरबार क्षिप्रेच्या काठी महिदपूरजवळ उतरला होता. इंदूर तेव्हा राजधानी नव्हते. १८११ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकर भानपुऱ्यात वारले, तेव्हापासून होळकरांचे राज्य कुठे आहे असे कोणी विचारले तर उत्तर एकच होते : जिथे फौजेचे तंबू, तिथे. गादीवर अकरा वर्षांचा मल्हारराव, कारभार तुळसाबाईंच्या हाती आणि फौजेचा पगार थकलेला. एकीकडून सर थॉमस हिस्लॉप आणि सर जॉन माल्कम मद्रासच्या पलटणी घेऊन चालून येत होते. दुसरीकडून पेशव्यांचे वकील छावणीत बसून, दक्षिणेत चला, पैशाचे आम्ही बघतो, असे सांगत होते. तुळसाबाई इंग्रजांशी परस्पर तह करून मोकळ्या होतील आणि मग आपल्याला कोणी विचारणार नाही, ही धास्ती सरदारांनी घेतली. २० डिसेंबरला त्यांनी तुळसाबाईंना नदीकाठी नेऊन त्यांचे मुंडके उडवले आणि धड क्षिप्रेत टाकले. दुसऱ्याच दिवशी लढाई झाली.

इतिहासाच्या पुस्तकांत या प्रसंगाची चर्चा फितुरी आणि निष्ठा या दोन खुंट्यांना टांगलेली असते. पगाराचा मुद्दा येतो तो ओझरता. वास्तविक मालव्याच्या त्या पंधरा-वीस वर्षांतली अर्धीअधिक बंडाळी थकबाकीची होती. शिपायाला आपले घेणे वसूल करण्याचा एकच मार्ग ठाऊक होता : हातात हत्यार आहे तोवर अडून बसायचे. हत्यार खाली ठेवल्यानंतर घेणे कसे वसूल करायचे, हे शिकायला त्याला पुढची शंभर-दीडशे वर्षे लागली. आणि त्या शिकण्याचा बराचसा भाग इंदूरच्या पंचक्रोशीत, महूच्या छावणीत आणि तिथून कोकण-देशावर परतलेल्या पेन्शनरांच्या वस्त्यांत घडला.

मराठी फौजेला पगाराची रीत नव्हती असे मात्र नाही. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई, बारगिराला घोडा सरकारातून मिळे, आणि दोघांची नावे हजेरीपटावर चढत. जखमी झालेल्याला जखम पाहून बक्षीस मिळे. लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांना जी नेमणूक करून दिली जाई तिला बालपरवेशी म्हणत. पेशवे दफ्तरात अशा नेमणुकांच्या नोंदी आहेत. म्हणजे आज ज्याला अपंगत्व पेन्शन आणि कुटुंब पेन्शन म्हणतात, त्या दोन्हींची कल्पना मराठी दरबारांना परकी नव्हती. अडचण होती ती खजिन्याची. सुभ्याचा वसूल आला तर बक्षी पैसे वाटणार, नाही तर सावकाराची हुंडी, तीही नाही तर लुटीची परवानगी. शिलेदाराचे हाल त्यात सर्वांत वाईट. लढाईत घोडा पडला की त्याचे भांडवलच संपले, त्यामुळे घोडा वाचवायचा की लढाई जिंकायची, हा प्रश्न त्याला प्रत्येक वेळी पडत असणार.

पैसे नाहीतच म्हटल्यावर फौज धरणे धरी. थॉमस ब्राउटन नावाचा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर हिंडत होता. त्याच्या पत्रांत या धरण्यांचा उल्लेख वारंवार येतो. रीत साधी होती. पलटणीचे लोक कारभाऱ्याच्या डेऱ्याभोवती बसत आणि अन्नपाणी वर्ज्य करत. ते उपाशी आहेत तोवर डेऱ्यातल्या माणसालाही जेवता येत नसे, बाहेर जाता येत नसे. त्यात जबरदस्ती होती आणि धर्मभीतीही होती. कारभाऱ्याने दमून थोडे पैसे द्यावेत, बाकीची हमी द्यावी, फौजेने उठावे, आणि दोन-चार महिन्यांनी पुन्हा बसावे, असे चक्र चाले. आज आपण धरणे म्हटले की जंतरमंतर किंवा कलेक्टर कचेरीसमोरचा मंडप डोळ्यांपुढे आणतो. लष्करी छावणीतले ते जुने धरणे फार कडवे होते, कारण बसणाऱ्यांच्या कमरेला तलवारी असत.

हमीचा अर्थ कधी कधी भयंकर होई. १८०५ च्या डिसेंबरात यशवंतरावांनी लॉर्ड लेकशी तह केला आणि पंजाबातून परतल्यावर त्यांनी दक्षिणी घोडेस्वारांना रजा द्यायचे ठरवले. इंग्रजांशी युद्ध संपले, एवढी फौज पोसणार कशी? घोडेस्वारांनी बाकी मागितली. पैसे नव्हते, म्हणून यशवंतरावांनी आपला पुतण्या खंडेराव त्यांच्या ताब्यात ओलीस दिला. हा मुलगा म्हणजे १७९७ मध्ये पुण्यात मारल्या गेलेल्या मल्हाररावांचा, बापाच्या मागे जन्मलेला मुलगा. घोडेस्वारांनी त्याच्याच नावाने द्वाही फिरवली, खरा होळकर हाच म्हणाले. पुढे पैसे मिळाले, घोडेस्वार घरी गेले आणि थोड्याच दिवसांत मुलगा मेला. माल्कमच्या मते त्याला विष घातले. एका फौजेच्या थकबाकीचे तारण म्हणून ठेवलेले हे पोर होळकरांच्या इतिहासात एखाद्या परिच्छेदापुरते येते आणि जाते.

२१ डिसेंबरच्या महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या बाजूचे गफूरखानाचे स्वार लवकर निघून गेले. रोशन बेगचे पायदळ आणि तोफखाना मात्र जागचे हलले नाहीत. गोलंदाज तोफेजवळच संगिनींनी मारले गेले, हे शत्रूनेच लिहून ठेवले आहे. कंपनीच्या बाजूचे १७४ ठार आणि ६०४ जखमी झाले, ते मुख्यतः या तोफांनी. ज्यांची बाकी सर्वांत जास्त, तेच सर्वांत शेवटपर्यंत उभे राहिले असे म्हणायचा मोह होतो. पण गोलंदाजांच्या बाकीचा हिशेब आपल्यापुढे नाही, तेव्हा तो मोह आवरलेला बरा.

६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला. होळकरांच्या बाजूने तात्या जोग बसले होते. खानदेश आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा सारा मुलूख गेला, राजपूत संस्थानांवरचे हक्क गेले. फौजेविषयी तहात स्पष्ट कलम होते : होळकरांनी जादा फौज काढून टाकावी, वसुलाला पेलेल त्याहून जास्त ठेवू नये, मात्र ३,००० घोडेस्वार ठेवावेत आणि त्यांच्या पगाराची नियमित व्यवस्था करावी. काढून टाकलेल्यांचे काय, याविषयी तहात फारसे काही नाही. जहागिरी मिळाल्या त्या म्होरक्यांना. अमीरखानाला टोंक, गफूरखानाला जावरा, आणि शरण आलेला पेंढारी सरदार करीमखान याला गोरखपूरकडे जमीन. चितू शरण आला नाही. तो १८१९ मध्ये सातपुड्याच्या जंगलात वाघाच्या तोंडी गेला. या सर्वांच्या मागे जे हजारो लोक होते, त्यांच्यासाठी माल्कमचे धोरण साधे होते : शेतीला लागा. अनेक जण लागलेही. मालव्याच्या गावांत दक्षिणी आडनावाची जी शेतकरी घरे आढळतात, त्यांतल्या काहींच्या पूर्वजांनी तेव्हाच घोडा विकून बैल घेतले असतील.

त्याच साली होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि तिथून जवळच, महू या गावी, इंग्रजांनी छावणी घातली. एकीकडे फौज मोडली, दुसरीकडे फौज वसली.

जिंकलेल्यांना तरी त्यांचे पैसे लगेच मिळाले का? या मोहिमेच्या लुटीचा, म्हणजे इंग्रज ज्याला डेक्कन प्राइझ मनी म्हणत, त्याचा घोळ वाचण्यासारखा आहे. पुणे, नागपूर आणि महिदपूर इथे हाती लागलेल्या मालावर हक्क कोणाचा? हिस्लॉपचे म्हणणे, प्रत्यक्ष लढलो आम्ही. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या मुख्य सैन्याचे म्हणणे, आम्ही उत्तरेकडून वाट अडवली नसती तर तुम्ही लढला असता कुठले. प्रकरण लंडनला गेले. वाटपासाठी ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि चार्ल्स अर्बथनॉट यांना विश्वस्त नेमले. पुण्याला पेशव्यांचे खजिनदार नारोबा औटी यांच्याकडून घेतलेल्या रकमेवरून मुंबईच्या कोर्टात दावा उभा राहिला, तो प्रिव्ही कौन्सिलमध्ये जाऊन १८३० मध्ये निकाली निघाला. लढाईला बारा वर्षे होऊन गेली होती.

पदकाची गोष्ट याहून मासलेवाईक. महिदपूरच्या लढाईसाठी पदक मंजूर झाले ते १८५१ मध्ये, तेहतीस वर्षांनी. ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक, त्यावर महिदपूरची वेगळी पट्टी. मिळणार फक्त त्याला, जो तोवर जिवंत आहे आणि आपला दावा सांगू शकतो. वीस वर्षांचा शिपाई तेव्हा त्रेपन्नाचा झालेला. त्याला बातमी कळायला हवी, त्याचे जुने कागद शाबूत हवेत, पलटण मोडली नसायला हवी. बहुतेक पदके गोऱ्यांकडे गेली आणि देशी शिपायांच्या वाट्याला फारच थोडी आली, यात नवल नाही.

कंपनीच्या नोकरीत एक गोष्ट मात्र अशी होती की जिने मालव्याच्या आणि कोकणच्या शिपायाला बांधून ठेवले : पेन्शन. ठरावीक वर्षे काढली किंवा नोकरीत निकामी झाला, तर मरेपर्यंत ठरावीक रक्कम. शिंदे-होळकरांच्या फौजेत पगार जास्त मिळाला असता, लूटही मिळाली असती; पण म्हातारपणाची ही शाश्वती तिथे नव्हती. रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीला तर पेन्शनरांची वसाहतच झाली. लोक त्या गावाला कॅम्प दापोली म्हणत. पेन्शनरांत महारांची संख्या मोठी होती, कारण मुंबईच्या सैन्यात कंपनीने महारांना मोठ्या प्रमाणावर घेतले होते. १ जानेवारी १८१८ ला, म्हणजे मंदसोरच्या तहाच्या अवघे पाच दिवस आधी, कोरेगावला लढलेल्या मुंबईच्या पलटणीत ते होते आणि भीमेकाठच्या स्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत.

पेन्शनर होणे म्हणजे केवळ पैसे मिळणे नव्हे. पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकावे लागे, मुलींनाही. पेन्शन उचलायची तर नाव, पलटण, नोकरीची वर्षे, जखमेचा दाखला हे सारे कागदावर हवे, आणि कागदात चूक निघाली तर वरच्या साहेबाला अर्ज करता यायला हवा. गावात ज्या माणसाच्या सावलीचा विटाळ होई, त्याच माणसाला सरकार ठरल्या दिवशी नावाने हाक मारून पैसे मोजून देई. अर्ज लिहिण्याची सवय अशी पेन्शनीच्या कागदातून लागली, असे म्हणायला जागा आहे. पुढच्या पिढीच्या अस्पृश्यताविरोधी चळवळीचे पहिले लेखणीबहाद्दर याच वर्गातून आले.

महूच्या काळी पलटण भागात सुभेदार रामजी मालोजी सकपाळ राहत. लष्करी शाळेत ते चौदा वर्षे हेडमास्तर होते. १४ एप्रिल १८९१ ला त्यांच्या घरी चौदावे अपत्य जन्मले, भीमराव. दोन-तीन वर्षांत रामजी निवृत्त झाले आणि महिना पन्नास रुपये पेन्शन घेऊन दापोलीला गेले. पुढे साताऱ्याला, मग मुंबईला परळच्या चाळीत. पन्नास रुपयांत घर चालवणे सोपे नव्हते, पण ते दरमहा नक्की होते. मुलाच्या पुस्तकांसाठी ते मुलींकडून दागिने मागून आणत, गहाण ठेवत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत देत. भारताच्या राज्यघटनेच्या शिल्पकाराचे शाळाशिक्षण या उसनवारीवर झाले आणि उसनवारी पेन्शनीच्या भरवशावर.

रामजी निवृत्त होत होते तेव्हाच त्यांच्या समाजावर घाला पडला होता. १८९२ च्या सुमारास सरकारने फौजेची जातवार फेररचना केली, ‘लढाऊ’ जातींची यादी ठरवली आणि महारांची भरती बंद केली. जुन्यांची पेन्शन चालू राहिली. बंद झाला तो पुढच्यांचा दरवाजा. १८८६ मध्ये निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीत होते. जोतीराव फुल्यांच्या विचारांत मुरलेले, अस्पृश्यतेवर धारदार लिहिणारे, ‘विटाळ विध्वंसन’ पुस्तिकेचे कर्ते. १८९४ मध्ये त्यांच्या अनार्य दोषपरिहारक मंडळीच्या वतीने मुंबईच्या सरसेनापतींसाठी एक विनंतीपत्र तयार झाले. आम्ही तुमच्यासाठी लढलो, तुमच्या स्तंभावर आमची नावे आहेत, मग आता आम्ही कमअस्सल कसे ठरलो, हा त्याचा रोख. रामजींनीही या कामी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची मदत घेतली, असे आंबेडकरांचे चरित्रकार सांगतात. पेन्शनर सुभेदार आणि हायकोर्टाचे न्यायाधीश एका मसुद्याभोवती आले, हे चित्र त्या काळात दुर्मीळच.

सरकार बधले नाही. पण अर्ज थांबले नाहीत. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये नोकरी करणारे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ मध्ये सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा भरवली आणि १,५८८ सह्यांचा अर्ज मुंबई सरकारकडे पाठवला. तो फेटाळला गेला. १९१० मध्ये त्यांनी थेट लंडनला, भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांना लिहिले. १९१७ मध्ये महायुद्धाला माणसे कमी पडू लागली, तेव्हा १११ महार्स ही पलटण उभी राहिली; युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. गरजेपुरता सैनिक घ्यायचा आणि गरज सरली की विसरायचा, हा प्रकार तहनाम्यातल्या ‘जादा फौजे’इतकाच जुना. महार रेजिमेंट कायमची उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावात. आज तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांवर गेली. सक्ती नव्हती, भूक आणि भरती अधिकारी यांनी ते काम केले. युद्ध संपताच यांतले बहुसंख्य लोक घरी पाठवले गेले. पेन्शनीला साधारण पंधरा वर्षांची नोकरी लागे, यांची झाली होती चार-पाच. त्यामुळे बर्मा, इटली, उत्तर आफ्रिका पाहून आलेली माणसे डिस्चार्जचा कागद, एक-दोन पदके आणि थोडी ग्रॅच्युइटी घेऊन गावी परतली आणि तिथून पुढे सरकारच्या लेखी जवळजवळ नाहीशी झाली. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, स्थापन झालेले इंडियन सोल्जर्स बोर्ड आणि त्याच्या हाताखालची जिल्हा बोर्डे हाच त्यांचा आधार. त्याच बोर्डाला १९७५ पासून केंद्रीय सैनिक बोर्ड म्हणतात. महायुद्धाच्या बिनपेन्शनी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा मदत देण्याची सुबुद्धी अनेक राज्य सरकारांना सुचली ती फार उशिरा. तेव्हा सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या बाया ट्रंकेच्या तळातून पन्नास वर्षांपूर्वीचे डिस्चार्ज बुक शोधत होत्या. ज्यांचे वाळवीने खाल्ले, त्यांना रेकॉर्ड ऑफिसला लिहावे लागले. नंबर आठवतो का, हा पहिला प्रश्न. नवऱ्याचा शिपाई नंबर तोंडपाठ असलेली म्हातारी त्या क्षणी भाग्यवान.

इंदूरच्या स्वतःच्या फौजेचे तोवर काय झाले? २८ मे १९४८ ला मध्य भारत संघ अस्तित्वात आला. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले, दुसरे यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. १ एप्रिल १९५० ला संस्थानी फौजा भारतीय सैन्यात विलीन झाल्या. होळकरांची इंदूर इन्फन्ट्री कुमाऊँ रेजिमेंटची १५ वी बटालियन झाली. मराठी राजाची पलटण कुमाऊँनी टोपीखाली आजही आहे. जे छाननीत बसले नाहीत ते घरी गेले. १८१८ आणि १९५० यांत फरक एवढाच, की या वेळी काढून टाकलेल्याचा हिशेब कागदावर करायचे बंधन होते. अर्थात कागद संस्थानाचा, देणारे सरकार नवे, आणि १९५६ मध्ये मध्य भारतही मध्य प्रदेशात विरून गेला. एकाच माणसाची नोकरी तीन सरकारांच्या दप्तरांतून शोधायची म्हणजे काय, हे ज्याने सरकारी कचेरीत एकदा तरी फेरी मारली आहे त्याला सांगायला नको.

स्वतंत्र भारतात थकबाकीची लढाई कोर्टात गेली. १९७९ मध्ये सरकारने पेन्शनचे नवे, उदार सूत्र लावले, पण ते एका ठरावीक तारखेनंतर निवृत्त होणाऱ्यांनाच. आदल्या दिवशी निवृत्त झालेला जुन्या हिशेबात राहिला. संरक्षण खात्याच्या लेखा सेवेतून निवृत्त झालेले डी. एस. नकारा सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्याबरोबर एक निवृत्त नौदल अधिकारीही होते. १७ डिसेंबर १९८२ ला घटनापीठाने निकाल दिला : पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, केलेल्या नोकरीचा हक्क आहे, आणि तारखेची रेघ ओढून सारख्यांत भेद करता येणार नाही. पीठाचे अध्यक्ष होते सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड. चाळीस वर्षांनी, १६ मार्च २०२२ ला, वन रँक वन पेन्शनच्या खटल्याचा निकाल लिहिला तो त्यांच्या चिरंजीवांनी, धनंजय चंद्रचूड यांनी. या वेळी कोर्टाने सरकारची योजना योग्य ठरवली. मात्र दर पाच वर्षांनी फेरनिश्चिती करण्याचे राहून गेले होते ते १ जुलै २०१९ पासून करून द्या, असे बजावले.

वन रँक वन पेन्शन म्हणजे एका हुद्द्यावरून, सारख्याच नोकरीनंतर निवृत्त झालेल्यांना सारखी पेन्शन, मग निवृत्ती कोणत्याही साली असो. मागणी जुनी. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने २०११ मध्ये तिला पाठिंबा दिला. २०१५ च्या उन्हाळ्यात माजी सैनिक जंतरमंतरवर बसले, आणि ७ नोव्हेंबर २०१५ ला सरकारी आदेश निघाला. निःशस्त्र, साठी-सत्तरीचे हे धरणे पाहताना शिंद्यांच्या छावणीतल्या धरण्याची आठवण होते. फौजेत असताना धरणे धरले असते तर कोर्टमार्शल झाले असते. निवृत्तीनंतर तोच मार्ग घटनेच्या चौकटीत बसला.

कोर्टातला आणखी एक निकाल सामान्य जवानाच्या दृष्टीने याहून मोलाचा वाटतो. धरमवीर सिंग हा शिपाई १९८५ मध्ये भरती झाला. १९९४ मध्ये फिट्स येतात म्हणून त्याला बोर्डआउट केले, म्हणजे वैद्यकीय कारणाने घरी पाठवले, अपंगत्व वीस टक्के ठरवले आणि वर शेरा मारला की आजार उपजत आहे, नोकरीशी संबंध नाही. म्हणजे अपंगत्व पेन्शन नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये साधा प्रश्न विचारला : भरतीच्या वेळी तुमच्याच डॉक्टरांनी तपासले तेव्हा आजाराची नोंद का केली नाही? नोंद नसेल तर आजार नोकरीत जडला असेच धरायचे, आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. या एका निकालाच्या आधारे पुढे असंख्य दावे लागले. मालव्यातल्या माजी सैनिकाला त्यासाठी सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या जबलपूर खंडपीठाकडे जावे लागते.

पण बहुतेक दावे कोर्टापर्यंत जात नाहीत. ते अडतात अक्षरात. इंदूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयासारख्या कचेऱ्यांत जे काम चालते ते बव्हंशी याच जातीचे. जवानाने लग्न केले, पण पलटणीत पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा आदेश, काढून बायकोचे नाव चढवले नाही. किंवा चढवले ते माहेरचे, आधार कार्डावर सासरचे. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक, डिस्चार्ज बुकात दुसरी. नवरा गेला की बाई पीपीओ, म्हणजे पेन्शनचा मूळ आदेश, घेऊन येते आणि तिथे तिचे नावच नसते. मग प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा किंवा नगरसेवकाचा दाखला, जोडफोटो, रेकॉर्ड ऑफिसला पत्र, तिथून प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडे, आणि दुरुस्तीचा आदेश, ज्याला सगळे ‘कॉरिजेंडम’च म्हणतात. या वाटेवर कारकून चांगला भेटला तर काही महिने, नाही तर वर्ष. अशा कचेरीतला कल्याण संयोजक बहुधा स्वतःच निवृत्त हवालदार किंवा सुभेदार असतो. अर्जाची भाषा त्याला येते आणि बाईशी बोलायचे कसे हेही कळते. वलंगकर-रामजींच्या काळातला अर्ज लिहिणारा पेन्शनर सरकारी टेबलामागे बसला आहे, असे वाटते खरे.

आता स्पर्श नावाच्या संगणक प्रणालीवर पेन्शन थेट खात्यात येते. पूर्वी बँकेतला ओळखीचा शिपाई नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची आठवण करून देई, आता अंगठा यंत्रावर टेकवावा लागतो, आणि शेतात राबलेल्या अंगठ्याच्या रेषा यंत्राला सापडत नाहीत. मुलगा किंवा नातू मोबाइलवर करून देतो. ज्यांना नातू नाही ते महूला जातात. डॉ. आंबेडकर नगर असे नाव आता असले, तरी जुन्या पेन्शनरांच्या तोंडी महूच आहे. छावणी आहे, लष्करी इस्पितळ आहे, कोणीतरी ओळखीचे निघते.

वन रँक वन पेन्शनची २०१९ पासूनची बाकी सरकारला एकरकमी द्यायची नव्हती. पैशाची ओढाताण पुढे करत हप्त्यांची मुदत वाढत गेली, तेव्हा २० मार्च २०२३ ला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने वेळापत्रकच बांधून दिले : कुटुंब पेन्शनधारकांना आणि शौर्यपदक विजेत्यांना ३० एप्रिलपर्यंत, सत्तरी ओलांडलेल्यांना ३० जूनपर्यंत, उरलेल्यांना २८ फेब्रुवारी २०२४ पर्यंत तीन हप्त्यांत. वाट पाहताना जे गेले त्यांची बाकी ‘लाइफ टाइम एरियर्स’ या नावाने वारसांना मिळते. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, बँकेचे पासबुक आणि मूळ पीपीओची प्रत जोडावी लागते. १ जुलै २०२४ पासूनच्या दुसऱ्या फेरनिश्चितीचे हिशेबही त्यानंतर सुरू झाले.